काकीच्या खिडकीसाठी वळवलेली चिमणी

काकीच्या कोनाड्यातली ज्योत कधी सरळ उभी राहत नसे. ती भिंतीकडे झुकायची. खिडकी उघडी असो की बंद, खाली आमची भट्टी पेटली की वर ज्योत भिंतीला टेकायला बघायची. कोनाड्यात काकाचा फोटो होता. काकी म्हणायची, "बघ, तुझो काका बोलवता." लहानपणी मला ते खरं वाटायचं. मोठेपणी खरं वाटेनासं झालं, पण मग ज्योत का झुकते, असा प्रश्नही कधी पडला नाही. त्याचं कारण मला कळलं ते पन्नाशीला आल्यावर, आणि कळलं त्याच दिवशी मी ते गिळून टाकलं.

घाटकोपरला डोंगराच्या अंगावर आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. होळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत बायका मिरच्या घेऊन येतात. आम्ही त्या भाजतो, खडा मसाला भाजतो आणि लोखंडी मुसळांच्या यंत्रात कांडून देतो. बायका यंत्रासमोरून हलत नाहीत. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाऊ नये म्हणून डबा भरेपर्यंत उभ्या राहतात. यात कुणी कुणाचा अपमान मानत नाही. कांडपाची ती रीतच आहे.

जागा मुळात एका बेकरीची. बेकरी बंद पडली तेव्हा वडिलांनी ती घेतली, आणि भट्टी व विटांची रुंद चिमणी जागेबरोबर आली. पुढे वडिलांनी वर एक खोली चढवली आणि ती धाकट्या भावाला, म्हणजे काकाला दिली. चिमणी नेमकी त्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीतून सरळ वर जात होती. नव्याने लग्न होऊन आलेली काकी म्हणाली, खोलीला एक खिडकी तरी असू दे. म्हणून वडिलांनी चिमणी तिथे हातभर बाजूला वळवली आणि मोकळ्या झालेल्या जागी खिडकी काढली. वळणात काजळी साचणार, म्हणून ती खरवडून काढायला तिथे एक तोंड ठेवलं होतं. कालांतराने ते तोंड पत्र्याने झाकलं, त्यावर गिलावा चढला आणि त्याचा कोनाडा झाला.

काका गेला. दोघांना मूल नव्हतं. काकी त्या खोलीत एकटी राहिली. खोलीच्या कागदांवर तिचं नाव नव्हतं, पण वडील होते तोवर तो विषय कुणी काढला नाही. वडील गेले आणि तो रोजचा झाला. आम्हाला माल ठेवायला जागा हवी होती. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, ती सगळ्यात जास्त हवी होती. एकदा गळती बघायची म्हणून त्याने गवंडी वर नेला आणि गवंड्याच्या मागोमाग धण्याची पोती. गळती बुजली, पोती मात्र पुढच्या सीझनपर्यंत काकीच्या उशाला राहिली. तेव्हापासून काकी कडी लावून बसायची. तिचं म्हणणं एवढंच होतं, "हयसून माका चार जणांनी न्यायचा. त्याच्या आधी मी जाणार नाय."

आम्ही तिला कधी तोंडावर 'जा' म्हटलं नाही. आम्ही तशी माणसं नव्हतो, असं आम्हाला वाटायचं.

मग लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करा अशी नोटीस आली. पाइपचा गॅस आमच्या गल्लीत पोचलेला नव्हता. सिलिंडरवर भाजलेल्या मिरचीला आई मिरची म्हणायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, गॅसवर मिरची भाजत नाही, घाबरते. शेवटी पेलेटची शेगडी घ्यायची ठरली. पेलेट म्हणजे भुसा आणि शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या बोटाच्या पेरापेक्षा लहान कांड्या. शेगडीच्या पोटात त्या आपोआप पडत राहतात, आत पंखा असतो, आच एकसारखी लागते.

शेगडीवाल्यांचा माणूस जागा बघायला आला. तरतरीत होता, जीन्सवर पांढरा शर्ट. त्याने चिमणीत टॉर्च मारला, वर गच्चीवर जाऊन आला आणि खाली येऊन चहा हातात घेत म्हणाला, "चिमणी मस्त आहे. पण ही अशीच वापरता येणार नाही."

"का? चाळीस वर्षं चाललीय," दादा म्हणाला.

"लाकडाला चालली. लाकडाचा धूर कडक गरम असतो, स्वतःच वर पळतो. पळताना आजूबाजूची हवा ओढून नेतो. त्यामुळे चिमणीला भेग असली तरी धूर खोलीत येत नाही, उलट खोलीतली हवा भेगेतून चिमणीत जाते. हिचं उलटं आहे. हिचा धूर कोमट, आणि पंखा त्याला मागून ढकलतो. एवढ्या रुंद विटांच्या चिमणीत तो गार पडणार, रेंगाळणार, पाणी सुटणार. मागून ढकलणं चालूच. मग भेग मिळेल तिथून बाहेर येणार. डोळ्यांना दिसेलच असं नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते. बंद खोलीत असेल तर माणूस झोपतो तो उठत नाही. वर राहतं का कोणी?"

"काकी असते," मी म्हणालो.

"मग तर नळी टाकायलाच हवी. शेगडीपासून गच्चीपर्यंत स्टीलची एक अखंड नळी, चिमणीच्या आतून. वर टोपी, खाली तोंड बंद. फक्त ते मधलं वळण आहे ना, तिथे वरच्या खोलीतून भिंत उघडावी लागेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे, संध्याकाळी गिलावा करून देऊ. पण नळीशिवाय मी शेगडी जोडणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

तो बोलत होता आणि मला कोनाड्यातली ज्योत दिसत होती. खोलीतली हवा भेगेतून चिमणीत जाते. म्हणजे काका बोलावत नव्हता, पत्र्याच्या कडेची भेग ओढत होती. भेग कुठे आहे हे शोधायला टॉर्चची गरजच नव्हती. जन्मभर ती एका दिव्याने मला दाखवली होती. त्या दुकानात तेव्हा आम्ही सगळे होतो, पण हे माहीत असलेला मी एकटाच होतो.

तो गेल्यावर दादा म्हणाला, "तू जा वर. तुझं ऐकते ती."

ते खरं होतं. लहानपणी सीझनमध्ये आई दिवसभर भट्टीपाशी असायची आणि मी काकीकडे. माझं जेवण, आंघोळ, पाढे, सगळं वर. दादा तेव्हा शाळेत मोठ्या वर्गात होता, त्याला काकीची गरज पडली नाही.

आई मिरच्यांवरून हात फिरवत होती. वर न बघता म्हणाली, "जा, विचार. नाय म्हणाली तर नाय. मग पुढचा तिचा ती बघात." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आईची ती नजर मला कळते. तिला 'हो' नको होतं. दादालाही नको होतं. जिना चढताना मी स्वतःला सांगत होतो की मी फक्त निरोप्या आहे.

काकी मिरच्यांचे देठ खुडत होती. ते काम आमचंच होतं, ती बसल्याबसल्या करून द्यायची. मला बघून तिने पाय आवळून घेतले आणि जागा केली.

मी म्हणालो, "काकी, दादा म्हणतोय कोनाड्याची भिंत फोडायचीय."

हे वाक्य मी फार वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. आधी दादाचं नाव, मग कोनाडा, मग फोडणं. तिला ज्या तीन गोष्टींची भीती होती त्या मी ओळीने तिच्यासमोर मांडल्या. ज्या एका गोष्टीची भीती वाटायला हवी होती ती, धूर, मी उच्चारली नाही.

"कित्याक?" तिने विचारलं.

"नवी शेगडी येतेय. चिमणीत नळी टाकायची आहे."

"मग खालसून घाला."

"खालून जात नाही. वळण आहे ना मध्ये."

"वळण माझ्या खिडकीसाठी घातलेला. आता त्याच्यावरसून माकाच बाहेर काढतास काय?"

"बाहेर कोण काढतंय? काम झालं की ये वर."

"किती दिवस काम?"

अर्धा दिवस. संध्याकाळी गिलावा. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"आणि पोती? पोती येतली ना मागसून?"

मी हसलो. नाही म्हणायला हवं होतं, मी हसलो.

"फोटो काढूचो लागतलो?"

"लागेल."

"नाय." तिने परत देठ खुडायला घेतला. "तुझ्या दादाक सांग, कोनाड्याक हात लावूचो नाय. मी मेल्यावर काय ता फोडा."

"बघ हां काकी. मग नंतर बोलू नकोस की विचारलं नाही."

"नाय म्हणतंय ना रे मेल्या! चाय पितलंस?"

चहा न घेता मी खाली आलो. "नाही म्हणाली," मी सांगितलं.

"झकास," दादा म्हणाला. "आपण विचारलं. विषय संपला."

शेगडीवाल्यांनी शेगडी दारात उतरवली, जोडली नाही. दादाचा एक ओळखीचा वेल्डर होता, त्याने जोडली. शेगडीचा पाइप चिमणीत वळणाच्या खालपर्यंत खुपसला, भोवती विटांचे तुकडे आणि सिमेंट भरलं. खालून बघितलं तर काम अगदी चोख होतं. धूर एक पुंजकाही दुकानात येत नव्हता. गच्चीवरून थोडासा निघताना दिसला. उरलेला कुठे जातो हे कुणी विचारलं नाही, कारण ज्याने विचारायला हवं होतं त्याला ते माहीत होतं.

शेगडी पेटवली त्या दिवशी आईने तिची दृष्ट काढली. नव्या यंत्राची काढतातच. मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या. गल्लीतल्या दोनचार बायका आल्या होत्या, पेढे वाटून झाले होते. आईने मूठ शेगडीभोवती उतरवली, आल्यागेल्याची, बघणाऱ्याची, मनात जळणाऱ्याची असं पुटपुटली आणि शेगडीचं झाकण उघडून मूठ आत टाकली. झाकण लावलं. आम्ही सगळे नाकं सावरून उभे राहिलो.

मिरच्या जळल्या की ठसका येतो. दृष्ट लागलेली असेल तर येत नाही. जेवढी दृष्ट मोठी तेवढा वास कमी. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

ठसका आला नाही. कुणाला शिंकसुद्धा आली नाही.

आईचा चेहरा उजळला. "बघितलात? केवढी दृष्ट ती! मूठभर मिरची आणि वास नाय!" असं म्हणून तिने डोळे वर, छताकडे केले. बायकांनीही वर पाहिलं. कुणाची दृष्ट ते सगळ्यांना समजलं.

आणि तेवढ्यात वरून खोकला ऐकू आला. एक, मग लागोपाठ, मग श्वास न मिळाल्यासारखा लांब. कडी काढल्याचा आवाज आला.

दादा म्हणाला, "वा! जिची होती तिला परत पोचली."

सगळे हसले. मीही हसलो. मला तर माहीत होतं मिरच्यांचा धूर कुठून कुठे गेला ते. इतरांना निदान ती दृष्टच वाटली होती.

काकी जिन्याच्या मधल्या पायरीवर आली. तोंडावर पदर, डोळे लालबुंद. "काय जाळलास गो वयनी?"

"तुझीच दृष्ट," आई म्हणाली.

बायका पुन्हा हसल्या. काकी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. तिला वाटलं असावं की कुणीतरी पाणी देईल. मग ती वर गेली.

सीझन सुरू झाला. शेगडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायची. मिरची कधी नव्हे इतकी एकसारखी भाजली जायची, गिऱ्हाईक खूश होतं. काकीने आधी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मग जीव घाबरतो म्हणाली. मग तोंडाला चव नाही म्हणाली.

आईचं उत्तर ठरलेलं होतं. "मसाल्याच्या घरात हाडं झिजली तुझी, आणि आता वास सोसवत नाय?"

दादाने तर त्यावर विनोद बसवला होता. पेलेटची मूठ हातात घेऊन गिऱ्हाइकांना दाखवायचा, "ही बघा आमच्या काकीची होमिओपॅथी. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांऐवजी जरा मोठ्या आहेत, गुण यायला वेळ लागतो." बायका हसायच्या. एकीने विचारलं, "कसला गुण?" दादा म्हणाला, "खोली रिकामी व्हायचा." आणि तीसुद्धा हसली.

मी तसले विनोद करत नसे. मी चांगला होतो. मी काकीला सांगायचो, "खिडकी उघडी ठेवत जा." एवढंच. त्या सल्ल्याने मला बरं वाटायचं. तिला खिडकी उघडी ठेवायला सांगणारा घरात मी एकटाच होतो.

एका संध्याकाळी खुडलेल्या मिरच्या आणायला वर गेलो. तिन्हीसांजेचा दिवा लागला होता. मी कोनाड्याकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी बघितलं. ज्योत उलटी झुकली होती, भिंतीकडून खोलीकडे. काकाच्या फोटोच्या काचेवर तपकिरी ओघळ आले होते. आणि पत्र्याच्या कडेने, जिथे गिलावा सुटला होता तिथे, काकीने कणीक भरली होती. साधी गव्हाची कणीक. तिच्या बोटांचे ठसे त्यात उमटलेले होते. उष्णतेने ती वाळून तडकली होती आणि तिच्यावरून परत ओली कणीक लावली होती. ती रोज लावत असणार.

म्हणजे तिला अंदाज आला होता. भेगेतून काहीतरी येतंय हे तिला कळलं होतं. ते किती वाईट आहे एवढंच कळलं नव्हतं.

माझी नजर बघून ती म्हणाली, "आधी ओढी तो. आता ढकलता. माका जा म्हणता."

"कोण?"

"तुझो काका."

त्या वेळी मला दोन वाक्यं बोलायची होती. काकी, तो काका नाही, शेगडीचा पंखा आहे. काकी, भिंत उघडू दे, अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी स्वतः दारात बसतो आणि एक पोतं वर येऊ देत नाही. दोन वाक्यं. मी म्हणालो, "काहीतरीच काय काकी," आणि मिरच्यांचं टोपलं उचललं.

खाली येऊन मी दादाला म्हणालो, "नळीचं बघायला हवं रे."

"ती भिंत फोडू देते का?"

"परत विचारू या."

"तू विचारलंस ना? नाही म्हणाली ना? मग?" तो माझ्याकडे बघून हसला. "का, नीट नव्हतं विचारलंस?"

मी टोपलं खाली ठेवलं. त्याला तेव्हा सगळं माहीत होतं की नुसतंच बोलला, हे मला आजही सांगता येणार नाही.

मे महिन्यात गल्लीतलं गटार खणलं. वासाने आणि धुळीने जीव नकोसा झाला, सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दुपारी मी गिऱ्हाइकाची पिशवी रिक्षात ठेवायला रस्त्यावर आलो आणि सहज वर पाहिलं. काकीची खिडकी बंद होती. मागे दुकानात शेगडी चालू होती, कढईत कुणाचे तरी धणे होते. शेगडीचं बटण दाराशीच होतं, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर. मी परत आत आलो आणि पुढची मिरची मोजायला घेतली. आधी हे एवढं काम उरकू, मग वर जाऊन खिडकी उघडतो, असं मी मनाशी म्हणालो होतो. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. तेवढंच मी केलं, म्हणून लिहितो.

शेजारची बाई पातेलं परत द्यायला वर गेली आणि तिने हाका मारल्या तेव्हा माझी मिरची मोजून झालेली नव्हती. दाराची कडी नशिबाने लावलेली नव्हती. काकी कोनाड्याखाली आडवी होती, बोटांना कणीक होती. आम्ही तिला उचलून खाली आणली. ओठांचा रंग चांगला दिसत होता, गुलाबी, जणू बरी आहे. गल्लीतले डॉक्टर धावत आले, नाडी बघून त्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. तिथे नळकांड्यातून प्राणवायू दिला आणि ती डोळे उघडून बोलू लागली. डॉक्टरांनी विचारलं, घरात शेगडी वगैरे आहे का? दादा म्हणाला, "खाली आहे. पण चिमणीला जोडलेली आहे." ते खरंच होतं.

डॉक्टर म्हणाले, काही दिवस हवापालट करा. दादा इतका प्रेमळ मी कधी पाहिला नव्हता. त्याने टॅक्सी आणली, मुलुंडच्या भाचीला स्वतः फोन केला, काकीची पिशवी भरायला आईला वर पाठवलं. मुलुंडची भाची म्हणजे काकीच्या बहिणीची मुलगी, सालस बाई. तिच्या दोन खोल्यांत पाच माणसं होती, तरी ती लगेच हो म्हणाली.

"चार दिवस जाऊन ये," आई काकीला म्हणाली. "चावी ठेव हय. मी दिवो लावतंय."

काकीने चावी दिली. अंगात त्राण नव्हतं, नाहीतर दिली नसती.

टॅक्सीत मी तिच्या शेजारी बसलो होतो, पिशवी मांडीवर. विक्रोळीच्या पुढे कुठेतरी तिने विचारलं, "धुराचा तुका आधी ठावक होता?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. आवाजात संशय नव्हता. नाही म्हणावं म्हणूनच विचारत होती.

"नाही गं काकी," मी म्हणालो.

तिने माझ्या हातावर थोपटलं.

पुढच्या आठवड्यात शेगडीवाल्यांचा माणूस परत आला. कोनाडा फोडला. पत्रा निघाला, मागे काजळीचा ओला चिखल निघाला, वळण मोकळं झालं. नळी वरून सोडली, वळणात जोडली, खाली शेगडीला आणली. वर टोपी बसली. संध्याकाळच्या आत गिलावासुद्धा झाला. तो हात धुताना म्हणाला, "तयार झाल्या का मग काकी?" दादा म्हणाला, "हो, समजावलं."

भिंत आता सपाट आहे. गिलावा वाळायच्या आधीच पेलेटची पोती वर गेली. पेलेट ओले झाले की फुगून भुसा होतात, त्यांना कोरडी जागा लागते, आणि ती खोली आता अगदी कोरडी आहे. चार दिवसांचे पुढे काय झाले ते सांगायला नको. मी मुलुंडला महिन्या-दोन महिन्यांनी जातो. भाचीच्या स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कप्प्यात काकाचा फोटो आहे. काकी दिवा लावत नाही, घरात लहान मूल आहे. मी प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जातो आणि प्रत्येक वेळी ती विचारते, चहा घेशील का, आणि मी घेतो.

यंदा एप्रिलमध्ये ती स्वतः दुकानात आली. भाचीच्या घरचा मसाला करायचा होता. दोन पिशव्या, एकीत बेडगी आणि शंकेश्वरी, दुसरीत खडा मसाला. देठ खुडून आणलेले. इतकी वर्षं तिचा मसाला वेगळा कधी झालाच नव्हता, आमच्या घाण्यातच तिचा डबा भरायचा. आता ती इतर बायकांच्या मागे उभी राहिली.

आई म्हणाली, "गो, तू कशाक उभी? बस. हिच्या मिरच्या आधी घे रे."

"नंबर येऊ दे," काकी म्हणाली.

नंबर आल्यावर मी तिच्या मिरच्या भाजल्या. ती शेगडीकडे बघत होती, नवी चकचकीत नळी जिथे भिंतीत शिरते तिथे. "हीच ती?"

"हो."

"वर धूर येता?"

"नाही. आता नाही."

"कोण रवता थंय?"

मी कढईत हलवत राहिलो. आईच बोलली, "कोण नाय गो. तुझीच खोली. मी दिवो लावतंय."

काकीने मान हलवली. मग मला विचारलं, "फोडूक किती दिवस लागले?"

बायका बघत होत्या. दादा यंत्रापाशी होता, त्याचा हात थांबला. या वेळी खोटं बोलायला काही कारण उरलं नव्हतं. तिची खोली गेलेली होती, बोलून काही वाचणार नव्हतं आणि काही बिघडणार नव्हतं.

"अर्धा दिवस," मी म्हणालो.

"आणि पयला ता, धुराचा, तुका ठावक नव्हता?"

"होतं."

ती रडली नाही, शिवी दिली नाही. मी भाजलेल्या मिरच्या टोपल्यात काढल्या आणि यंत्रात टाकायला नेल्या. ती माझ्या मागे आली. आई म्हणाली, "बस गो, बस, तो आणून देतलो डबो." ती बसली नाही. यंत्रासमोर जाऊन उभी राहिली, इतर बायका राहतात तशी, दोन्ही हातांत रिकामा डबा धरून. मुसळं वर-खाली होऊ लागली. लाल धूळ उडत होती, तिला खोकला येत होता, तरी तिने तोंड फिरवलं नाही. डबा भरेपर्यंत तिची नजर माझ्या हातांवर होती.